थिकनेसर घ्यायचा तर आधी ब्लॉक बघा

सांगलीत कुणी फर्निचरचं नवं शेड टाकलं की थिकनेसरबद्दल, म्हणजे फळी रंधून सारख्या जाडीची करणाऱ्या मशीनबद्दल, मला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बारा इंची घेऊ की अठरा?" मी उलट विचारतो, लाकूड कुठलं चालवणार? रुंदीचं नंतर बघू.

आपल्याकडं वाडे पाडले की तुळया, कड्या, चौकटी विकायला निघतात. मुरलेलं सागवान, बघूनच हात फिरवावासा वाटतो. पण त्याच्या पोटात खिळे असतात. वर दिसतात ते पक्कडीनं निघतात. डोकं तुटलेला खिळा आतच राहतो आणि थिकनेसरमध्येच सापडतो. शिवाय सागात मुळातच सिलिका असते, त्यामुळं एचएसएसची, म्हणजे हाय स्पीड स्टीलच्या पात्यांची, धार लवकर जाते. असा माल रोज चालवायचा असेल तर पैसे रुंदीवर नव्हे, कटरब्लॉकवर, म्हणजे पाती धरून फिरणाऱ्या भागावर, घालावेत.

साध्या ब्लॉकमध्ये दोन, तीन किंवा चार लांब पाती असतात. खिळा लागला की सगळ्यांना एकाच जागी खाच पडते आणि मग प्रत्येक फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक कड उठते. त्यावर तात्पुरता उपाय आहे: एक पातं मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाजूला सरकवायचं. एकाची खाच दुसऱ्याच्या धारेखाली येते, कड जाते. पण धार लावायची वेळ आली की सगळा सेट काढा, ग्राइंडिंगला द्या, परत बसवा, डायल गेज लावून पात्यांची उंची जुळवा. ग्राइंडिंगहून आलेली पाती बसवण्याआधी वजन करून घ्या. सराफाकडच्या काट्यावर केलं तर उत्तम. समोरासमोरच्या पात्यांच्या वजनात फरक राहिला तर ब्लॉक थरथरतो आणि बेअरिंग लवकर जातं.

स्पायरल ब्लॉकवर पोलादाहून कठीण अशा कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे स्क्रूनं बसवलेले असतात. प्रत्येकाला चार धारा. खिळा लागला तर तेवढेच दोन-तीन तुकडे फिरवायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. आवाज बराच कमी. फणस किंवा शिसवीत रेषा उलटसुलट जाते, तिथं पात्याखाली ढलप्या उपटून येतात; स्पायरलवर हा त्रास फारच कमी होतो. मात्र विकत घेताना एक गोष्ट जवळून बघा. काही ब्लॉकवर तुकड्यांची ओळ तिरकी असते, पण प्रत्येक तुकड्याची धार शाफ्टला समांतरच असते. काहींवर धारही तिरकी असते. दुकानात दोन्हींना स्पायरलच म्हणतात. लाकूड तिरकं कापलं जातं ते दुसऱ्यातच. धारेजवळ पट्टी धरली की डोळ्यालाच कळतं.

तुकडा फिरवताना घाई नको. मेन स्विच बंद, स्क्रू काढा, खालची बैठक ब्रशनं आणि थोड्या रॉकेलनं स्वच्छ पुसा. भुशाचा कण राहिला तर तुकडा केसभर वर बसतो आणि फळीवर बारीक चर उमटतो. पुष्कळजण त्यासाठी मशीनला नावं ठेवतात. स्क्रू टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच आवळा. अंदाजानं जास्त आवळलं तर कार्बाइड तडकतं.

प्रत्येकानं स्पायरलच घ्यावा असं मी म्हणत नाही. मिरजेत सतार-तंबोऱ्याला वापरतात त्या तुणीसारखं मऊ लाकूड असेल, किंवा पॅकिंगचं पाइन असेल, तर ताजी धार लावलेलं एचएसएस कार्बाइडपेक्षा साफ कापतं, कारण त्याला मुळात धार जास्त तीक्ष्ण येते. जवळ चांगला ग्राइंडिंगवाला असेल तर पात्यांचा ब्लॉक स्वस्तही पडतो. फक्त तो गोल असावा. जुन्या बाजारात सरफेसवर, म्हणजे फळीची एक बाजू सपाट करणाऱ्या मशीनवर, अजून चौकोनी ब्लॉक दिसतात. बोट गेलं तर तो हात ओढून घेतो. फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आता विजेचं. स्पायरल ब्लॉक मोटरवर जास्त भार टाकतो. बारा इंचीला तीन एचपीपेक्षा कमी मोटर असेल तर मी त्यावर स्पायरल बसवणार नाही. टेबलावर ठेवायचे बारा-तेरा इंची पोर्टेबल येतात, ते कार्बन ब्रशच्या मोटरवर चालतात आणि घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लागतात. साइटवर न्यायला ठीक. दिवसभर साग ओढायला नव्हेत. शेडमध्ये कायमचं काम असेल तर थ्री फेज घ्याच. अठरा इंचीला पाच एचपी धरा.

फिनिश किती येईल याचा हिशोब सोपा आहे. ब्लॉक मिनिटाला ४,५०० फेरे, दोन पाती, म्हणजे ९,००० काप. फीड, म्हणजे फळी आत सरकण्याचा वेग, मिनिटाला ६ मीटर, तर दर मिलिमीटरला दीड काप. चार पाती, ५,००० फेरे आणि ८ मीटर फीड असेल तर अडीच काप. पण एक पातं जरी इतरांपेक्षा वर राहिलं तरी शेवटचा ठसा त्याचाच पडतो, आणि चार पाती असून काम एका पात्याचं होतं.

जुना थिकनेसर बघायला जाताना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या घेऊन जा. बेडच्या दोन कडांना एक-एक ठेवून एकाच वेळी चालवा आणि व्हर्नियरनं मापा. फरक पडला तर बेड किंवा ब्लॉक समांतर नाही. तो दुरुस्त होतो, पण भाव कमी करून घ्यायला तेवढं कारण पुरे. बेअरिंग हातानं हलवून बघा, गिअरबॉक्सखाली तेलाचा डाग आहे का तेही.

अजून एक, आणि हे नव्या माणसाला सांगावंच लागतं. थिकनेसर वाकडी फळी सरळ करत नाही. रोलर तिला दाबून सपाट धरतात, पलीकडं निघाली की ती पुन्हा वाकते; मिळते ती फक्त सारख्या जाडीची वाकडी फळी. आधी सरफेसवर एक बाजू सपाट हवी. दोन मशीनची जागा नसेल तर सरफेस-कम-थिकनेसर घ्या. शेवटची दोन-तीन इंच फळी एकाच रोलरखाली असते, तिथं खड्डा पडतो; तेवढी लांबी जादा ठेवून नंतर कापा, किंवा फळ्या एकामागोमाग टोकाला टोक लावून सोडा. फूटभरापेक्षा छोटा तुकडा आत घालूच नका.

सांगलीच्या गावभागात किंवा नदीजवळ शेड असेल तर ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर आठवा. बिडाचं धूड कुणी उचलून माळ्यावर नेत नाही. पण मोटर चार बोल्टवर सुटी होईल अशी बसवा, स्टार्टर आणि बोर्ड भिंतीवर पुराच्या खुणेच्या वर लावा. बेडला मेण घासत राहिलात तर पावसाळ्यात गंज धरत नाही आणि फळीही सुळकन सरकते.

ऑर्डर देताना कार्बाइडच्या तुकड्यांचं माप लिहून घ्या, १४ मिलिमीटर की १५, कारण एकाचा दुसऱ्यात बसत नाही. एक डबा जादा मागवा, आणि सोबत स्क्रूही. त्यांची तोंडं झिजतात, आणि झिजलेला स्क्रू ड्रिलनं काढण्यात अख्खी दुपार जाते.