ओट्यासमोरच्या टाइल्सवरचा चिकटा कसा काढावा

ओट्यासमोर पाय चिकटायला लागले की बहुतेक घरांत फिनेल वाढतं. त्याने वास जातो, चिकटा जागचा हलत नाही. फोडणीची, तळणीची तेलकट वाफ खाली बसते, हवा लागून घट्ट होते आणि वर धूळ धरते. हा थर जोर लावून निघत नाही, आधी तो भिजून सुटावा लागतो.

फरशी कोरडीच झाडून घ्या. 4 लिटर गरम पाण्यात 4 मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि 1 छोटा चमचा भांड्यांचं लिक्विड विरघळवा. खायचा सोडा इथे फार सौम्य पडतो. हातमोजे घालाच. अ‍ॅल्युमिनियमची भांडी लांब ठेवा, सोड्याच्या पाण्याने ती काळी पडतात.

एका वेळी चार-सहा टाइल्सच घ्या. पाणी पसरा आणि 10 मिनिटं थांबा, पण वाळू देऊ नका. वाळलं की सुटलेलं तेल पुन्हा तिथेच बसतं. मग नायलॉनच्या ब्रशने गोल गोल घासा, सांध्यांत जुना टूथब्रश फिरवा. पाणी तपकिरी, मेणचट दिसायला लागलं म्हणजे थर सुटला. ते लगेच वायपरने ओढून फडक्याने टिपा. बहुतेकांचं इथेच चुकतं: तेच घाण पाणी पुसत पुसत स्वयंपाकघरभर फिरतं.

गॅसजवळचे कडक झालेले ठिपके राहतात. त्यांवर त्याच पाण्यात भिजवलेलं फडकं घाला, वर प्लॅस्टिकची पिशवी पसरून 20 मिनिटं ठेवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आडवं खरवडा. तारेची घासणी नको. चकाकी जाते, तुटलेल्या तारा सांध्यांत गंजतात.

शेवटी साध्या पाण्याने दोनदा पुसा, पाणी बदलून. सोडा-साबण उरला तर वाळल्यावर पांढुरकी झाक दिसते आणि त्यावर धूळ पुन्हा धरते.

सोड्यात व्हिनेगर ओतू नका, दोन्ही एकमेकांना निकामी करतात. टाइल्सचं अ‍ॅसिड सिमेंटचे सांधे खातं. ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर तर लिंबू-व्हिनेगरही नको, दगडावर कायमचे डाग पडतात.

एकदा थर निघाला की आठवड्याला 4 लिटर पाण्यात 1 चमचा सोडा पुरे होतो. तळण केलं असेल, तर ओट्यासमोरचा पट्टा त्याच रात्री पुसा. ताजं तेल साबणाच्या पाण्यानेच निघतं.