कॅश काउंटरवरचं ध्यान

मी बँकेत कॅशियर आहे. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनरांची रांग दारापर्यंत जाते आणि नोट जास्त गेली तर भुर्दंड माझ्याच खिशाला. त्यामुळे ध्यानासाठी हिमालय वगैरे परवडत नाही, खुर्चीतच भागवावं लागतं.

काउंटर उघडण्याआधी ५ मिनिटं काढा. मोबाइल ड्रॉवरमध्ये. पाय जमिनीवर टेकवा, पाठ ताठ पण आखडलेली नको. आता नाकपुड्यांखाली, वरच्या ओठावर श्वास कुठे लागतो ते बघा. येताना जरा गार, जाताना कोमट. श्वास ओढायचा नाही, लांबवायचा नाही, नुसता जाणायचा. यालाच आनापान म्हणतात. इगतपुरीच्या धम्मगिरीत १० दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले ३ दिवस हेच करून घेतात.

मन पळणारच. दुधाचं बिल, मुलीची फी, कालचं भांडण. पळालं हे लक्षात आलं की स्वतःवर न चिडता परत श्वासावर या. खरा व्यायाम हे परत येणं हाच आहे. डोकं रिकामं करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

गर्दीत डोळे मिटता येत नाहीत. तेव्हा मी ओल्या स्पंजवर बोट टेकवते, त्याचा गारवा नीट जाणवू देते, मगच पुढची स्लिप उचलते. कुणी आवाज चढवला तर आधी स्वतःचा जबडा तपासा, बहुतेक आवळलेला असतो. तो सैल सोडा, उच्छ्वास सावकाश होऊ द्या, मग उत्तर द्या.

डोळे मिटल्यावर घाबरल्यासारखं होत असेल तर उघडे ठेवा, किंवा चालताना तळव्यांकडे लक्ष द्या. झोपच उडाली असेल तर मात्र सरळ डॉक्टर गाठा.