पँथिऑनचा नमुना: विदर्भाच्या उन्हात रोमची तिरीप कशी पाडायची

पँथिऑन हे रोममधलं प्राचीन, घुमटाचं देऊळ. त्याचा आतला व्यास 43.3 मीटर आहे आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीही जवळपास तेवढीच. म्हणजे आत एक अख्खा गोळा मावतो. शाळेच्या प्रदर्शनासाठी 1:100 नमुना करायला हे सोयीचं, मीटरला एक सेंटिमीटर धरायचा.

आधी घुमट. ओल्या रेतीचा ढिगारा करून मधोमध सळई उभी रोवा. प्लायवूडच्या तुकड्यात 21.6 सेंमी त्रिज्येची पाव वर्तुळाची खोबण कापा आणि तो तुकडा सळईभोवती फिरवत रेतीला आकार द्या. काळी माती वापरू नका. वाळताना ती आकसून भेगाळते आणि साचाच बिघडतो. ढिगाऱ्यावर प्लास्टिक घाला. दीड किलो रद्दी दोन दिवस भिजवून, सोबत दोन मुठी भिजवलेली मेथी घालून बारीक वाटा. हा लगदा खालच्या तिसऱ्या हिश्शात चाळलेली माती मिसळून दोन सेंमी जाड लावा, वर नुसताच, एक सेंमी. माथ्यावर 9 सेंमीचं भोक ठेवा.

ही जड-हलकी वाटणी उगाच नाही. रोमनांनी खालच्या काँक्रिटात वजनदार दगड घातले आणि माथ्याकडे प्यूमिससारखा सच्छिद्र ज्वालामुखी दगड. जाडीही पायथ्याशी सुमारे 6 मीटर, भोकापाशी 1.2 मीटर. पोलादी सळई एकही नाही.

पहिला दिवस लगदा सावलीत ठेवा. थेट उन्हात वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि फाटतो. खालच्या कडेपासून वर जाणारी बारीक भेग पडलीच तर फार वाईट वाटून घेऊ नका, खऱ्या घुमटाच्या खालच्या भागातही तशा उभ्या भेगा आहेत. कडा बाहेर सरकू पाहते, हे त्याचं कारण.

भिंतीसाठी खोक्याचा पुठ्ठा 21.6 सेंमी उंच, 136 सेंमी लांब कापा, जोडाला दोन सेंमी जास्त धरा. पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या याव्यात, आडव्या आल्या तर गोल वळवताना तो मोडतो. 7 सेंमी उंच दार कापा. दारापुढच्या मंडपाला 16 खांब: समोर 8, मागे 4-4. 12 सेंमी उंच, दीड सेंमी जाड. पऱ्हाटीचे बुडाकडचे सरळ तुकडे यासाठी बरोबर बसतात. खरे खांब इजिप्तमधून आणलेले, एकसंध ग्रॅनाइटचे आहेत.

आता खरं काम, ऊन. घुमटाच्या डोळ्याखेरीज, म्हणजे माथ्यावरच्या भोकाखेरीज, आत उजेड येतो तो जवळपास फक्त दारातून. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचं ऊन दारातून गाभाऱ्यात जातं. इथे ते माथ्यावरून उतरतं आणि दिवसभर भिंतीवरून सरकतं. दार उत्तरेला आहे. 21 एप्रिल, म्हणजे रोमचा स्थापनादिन, त्याच्या आसपास भर दुपारी तिरीप नेमकी दारावर पडते. सम्राट दारात उभा राहिला तर उजेडात न्हाऊन निघणार.

नमुना अंगणात सपाट ठेवला तर हे दिसत नाही. नागपूर-अमरावतीचा अक्षांश सुमारे 21, रोमचा 42. आपला सूर्य जास्त डोक्यावर, म्हणून एप्रिलमधली तिरीप मध्यापासून फक्त 7 सेंमीवर जमिनीवर पडते. ती दारावर आणायची तर नमुना पाटावर ठेवा आणि दार उत्तरेला ठेवून पाटाची दक्षिणेकडची कड उचला. पाट 60 सेंमीचा असेल तर 21.5 सेंमी, म्हणजे 21 अंश. उत्तरेची कड उचलली तर सगळं उलटं होतं, आणि ही चूक हमखास होते. घड्याळातले बारा धरू नका. उभ्या काठीची सावली सर्वांत आखूड असेल तेव्हा बघा. 21 मार्चला तिरीप दाराच्या वर, घुमट आणि भिंतीच्या सांध्याच्या आसपास दिसेल. डिसेंबरात ती घुमटावरच राहते, जूनमध्ये जमिनीवर उतरते.

डोळ्यातून पाऊसही आत येतो. फरशी मध्ये किंचित फुगीर आहे आणि पाणी जायला तिला 22 भोकं आहेत.

पाटी लिहिताना घोळ होतो. दर्शनी लेख म्हणतो, लुसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना हे बांधलं. ते इ.स.पू. 27च्या सुमाराचं जुनं देऊळ, ते जळलं. आजची वास्तू इ.स. 125च्या आसपास सम्राट हेड्रियनच्या काळात पुरी झाली, त्याने नाव मात्र अग्रिप्पाचंच ठेवलं. ‘पँथिऑन’चा अर्थ सर्व देवांचं. इतिहासकार डिओ कॅसियसने मात्र नाव घुमटावरून, तो आकाशासारखा दिसतो म्हणून पडलं असावं, असा तर्क केला. 609 साली त्याचं चर्च झालं, म्हणून ते पडझडीतून वाचलं. पाटीवर ही तिन्ही सालं घाला.