पायरीन, साबण आणि लेझर : आदल्या दिवशीची तयारी

मायसेल म्हणजे साबणाच्या रेणूंचे पाण्यात बनणारे सूक्ष्म गोळे. त्यांच्यात बसवलेल्या पायरीन या कर्बी रेणूचं प्रकाश-आयनीकरण, म्हणजे लेझरच्या प्रकाशाने त्यातून इलेक्ट्रॉन निघणं, मोजायचं असेल तर सगळ्यात आधी लेझरची ऊर्जा मोजणारा ऊर्जामापक शोधून टेबलावर आणून ठेवा. हो, द्रावणाच्याही आधी. तो नसला तरी इलेक्ट्रॉन दिसतात, आलेखही सुरेख येतात. ते एका फोटॉनने निघाले की दोन, एवढंच सांगता येत नाही. मागच्या खेपेच्या नोंदी त्यामुळेच रद्दीत गेल्या.

क्युव्हेट (नमुना ठेवायची पारदर्शक चौकोनी नळी) क्वार्ट्झचं, पाणी शुद्ध, हे सांगायला नको.

सोडियम डोडेसिल सल्फेट, म्हणजे आपला ऋणभारित साबण, नव्या बाटलीतलं घ्या. जुन्यात डोडेकॅनॉल तयार झालेलं असतं आणि ज्या तीव्रतेपासून मायसेल बनू लागतात ती सीमा त्याने खाली सरकते. एरवी ती 8 मिलिमोलरच्या आसपास, आपण 0.1 मोलरला काम करायचं. एका मायसेलमध्ये साठेक रेणू धरले तर मायसेल भरतात दीड मिलिमोलर. पायरीन याच्या दहाव्या हिश्शाहून कमीच ठेवा, नाहीतर एकाच मायसेलमध्ये दोन रेणू शिरतात आणि एक्सायमर, म्हणजे एका उत्तेजित आणि एका साध्या रेणूची जोडी, होतो. पूड थेट टाकून ढवळत बसू नका, पाण्यात ती जवळपास विरघळतच नाही. सायक्लोहेक्झेनमधून फ्लास्कच्या तळाशी पातळ थर सुकवा, वर साबणाचं द्रावण ओता, रात्रभर ढवळू द्या. सकाळी उजेडासमोर धरा. एक जरी कण चमकला तरी थांबा.

ऊर्जामापक आणलात ना?

ऑक्सिजन काढायलाच हवा. हवेने संपृक्त पाण्यात जलयोजित (पाण्याच्या रेणूंनी वेढलेला) इलेक्ट्रॉन 0.2 मायक्रोसेकंदात संपतो. पण नायट्रोजनची नळी द्रावणात बुडवलीत तर फेस नळीतून वर चढून बाहेर येतो, सोबत तुमचं द्रावणही. वायू पृष्ठभागावरून सोडा, खाली हळू ढवळा. वेळ लागतो, लागू द्या. एक नमुना नायट्रस ऑक्साइडने संपृक्त करून ठेवा, हा वायू इलेक्ट्रॉन गिळतो. त्यात 720 नॅनोमीटरचा शोषणाचा संकेत नाहीसा झाला तरच तो इलेक्ट्रॉनचा.

आता पुन्हा तेच. वायुरूप पायरीनचं आयनीकरण करायला 7.4 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, 337 नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये आहेत जेमतेम 3.7. पाण्यात गरज कमी होते, पण किती फोटॉन लागले हे ऊर्जा बदलूनच कळतं. इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढले तर दोन, सरळ प्रमाणात वाढले तर एक. त्यातही फसगत आहे : लेझर जोरात असेल तर मूळ अवस्थेतले रेणूच संपत येतात, लॉग-लॉग आलेखाचा उतार दोनवरून खाली घसरतो आणि दोन फोटॉनचं काम एका फोटॉनचं वाटू लागतं. म्हणून पूर्ण ऊर्जेपासून दहाव्या भागापर्यंत उतरा, आणि तेही राखाडी फिल्टरने. लेझरचा व्होल्टेज कमी-जास्त करू नका, झोताचा आकार बदलतो. ऊर्जा क्युव्हेटच्या जागी मोजा, लेझरच्या तोंडाशी नाही. प्रत्येक शॉटची मोजा. सरासरी चालणार नाही.

तुलनेला धनभारित मायसेल हवे असतील तर सेटिल ट्रायमिथिल अमोनियमचं क्लोराइड घ्या. ब्रोमाइड उत्तेजित पायरीनला विझवतं. तिथे इलेक्ट्रॉन मायसेलपाशीच रेंगाळतो, संकेत लहान येईल, घाबरू नका.

बाकी झेनॉन दिवा तापू द्या, ट्रिगर जुळवा, 450 नॅनोमीटरला पायरीनचा धन आयन बघा, चष्मा घाला. फिल्टरांवर पारगम्यता लिहून ठेवा, आणि ऊर्जामापकाची बॅटरी तपासा.