शेजारचं जनावर आवारात शिरतंय? आधी या चुका टाळा

सकाळी वाफा उकरलेला दिसतो, दाराशी मुताचा वास येतो, आणि माणूस तडक दुकानात जाऊन काहीतरी उग्र वासाचं घेऊन येतो. बागकाम करणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून मी कित्येक वर्षं हीच सुरुवात ऐकते आहे. पंधरा दिवसांनी तेच लोक विचारतात, "आता अजून काय टाकू?" आतापर्यंत काय टाकलं याची लांबलचक यादी त्यांच्याकडे असते. पण कोण येतं, कुठून येतं आणि कशासाठी येतं, हे विचारलं की गप्प होतात.

न बघता चोर ठरवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मागच्या भिंतीलगतचा माझा भाजीचा वाफा एकाच हंगामात पाच-सहा वेळा उकरला गेला. शेजाऱ्यांचा कुत्रा संध्याकाळी मोकळा सुटायचा. दोनदा तो माझ्या भिंतीवरून परत जाताना दिसला, नाकाला माती लागलेली. मला तेवढं पुरे झालं. मोडलेली रोपं हातात घेऊन मी त्यांच्या दारात गेले. घरात पाहुणे बसले होते, तरी बोलायचं ते सगळं बोलले. दुसऱ्या दिवसापासून कुत्रा बांधलेला असायचा आणि रात्रभर रडायचा. आमचं बोलणं बंद झालं.

खड्डे पडायचे थांबले, पण रोपं आडवी पडतच राहिली. नीट पाहिलं तर देठ जमिनीलगत तिरके कुरतडलेले होते. कुत्रा असं करत नाही. मग बारीक वाळू चाळून, किंचित ओली करून, वाफ्याभोवती हातभर रुंदीचा पट्टा पसरला. सकाळी त्यावर इवलीशी पावलं होती, पुढच्या पायांना चार बोटं, मागच्यांना पाच, आणि मधून शेपटी ओढल्याची रेघ. उंदीर! त्या रेघेच्या मागे गेले तर माझ्याच कंपोस्टच्या ढिगामागे अडीच-तीन इंच रुंद तोंडाची तीन बिळं. त्या ढिगावर मी उरलंसुरलं शिजवलेलं अन्न उघड्यावर टाकत होते. कुत्रा त्या उंदरांच्या वासावर उकरत होता. जे आमंत्रण मी दिलं होतं, त्याची शिक्षा दोन महिने त्या मुक्या जिवाने भोगली.

मी जाऊन माफी मागितली. ढिगाला झाकण आलं, तळाशी ६ मिलिमीटर भोकांची लोखंडी जाळी आली आणि शिजवलेलं अन्न टाकणं कायमचं बंद झालं. उंदीर हटायला महिना गेला.

तेव्हापासून कुणी काहीही सांगितलं तरी मी आधी तीन रात्री वाळू पसरायला सांगते. मांजराचा ठसा गोल असतो आणि नखं आत ओढलेली असल्यामुळे नखांची खूण उमटत नाही. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे ठिपके स्पष्ट दिसतात. ठशाबरोबर वेळही लिहून ठेवा. रोज पहाटे येणारं जनावर आणि भर दुपारी येणारं जनावर यांचे उपाय वेगळे असतात. तीन रात्री थांबायला लोकांना जड जातं हे मला ठाऊक आहे. पण ज्यांनी धीर धरला नाही, त्यांचे पैसे आणि शेजारधर्म दोन्ही गेलेले मी पाहिले आहेत.

विष आणि उग्र वासाचे उपाय

याबद्दल मी मवाळ बोलू शकत नाही.

डांबराच्या गोळ्या कपाटासाठी आहेत, वाफ्यासाठी नाहीत. त्यांतलं नॅफ्थलीन मांजर-कुत्र्यांना विषारी असतं आणि रांगतं मूल ती गोळी उचलून तोंडात घालू शकतं. तिखट पूड पायाला लागते, मग मांजर पाय चाटतं, डोळे चोळतं आणि तासन् तास तळमळतं. पाऊस पडला की पूड वाहून जाते आणि मांजर परत येतं. म्हणजे छळही झाला आणि उपयोगही नाही. कॉफीचा चोथा लोकांना निरुपद्रवी वाटतो, पण कॅफीन कुत्र्याला बाधतं. गोगलगायींसाठी विकल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही तशाच. कुत्री त्या खातात आणि त्यांना झटके येतात.

सर्वांत वाईट म्हणजे उंदरांचं विष. बहुतेक विषं रक्त गोठू देत नाहीत. जनावर त्याच दिवशी ठणठणीत दिसतं आणि तीन-चार दिवसांनी हिरड्यांतून किंवा शरीराच्या आत रक्तस्राव सुरू होतो. माझ्या परिचयातल्या एका घरात उंदरांसाठी विष ठेवलं होतं. शेजारच्या मांजरीने विषाला तोंडही लावलं नाही, तिने विष खाऊन मंदावलेला उंदीर खाल्ला. ती धापा टाकायला लागली तेव्हा दोन्ही घरांपैकी कुणालाही कारण सुचेना, कारण विष ठेवून आठवडा होत आला होता. पशुवैद्यांनी नेमका प्रश्न विचारला म्हणून उलगडा झाला. जीवनसत्त्व के-१ चं औषध कित्येक आठवडे द्यावं लागलं. ती वाचली. पण ज्यांनी विष ठेवलं, त्या बाई अजून मांजर अंगणात आली की आत जातात.

एखाद्या जनावराने विष खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्याने दुसराच अपाय होतो. विषाचं वेष्टन बरोबर घेऊन थेट पशुवैद्यांकडे जा. आणि विष तुम्हीच ठेवलं असेल तर शेजाऱ्यांना तेही त्याच क्षणी सांगा.

मुताचा डाग चुकीच्या द्रावणाने धुणं

अमोनिया असलेल्या क्लीनरला मांजराच्या मुतासारखाच वास येतो. मांजराला वाटतं इथे दुसरं कुणी खूण करून गेलं, म्हणून ते पुन्हा तिथेच मुततं. ब्लीच तर ताज्या मुतावर अजिबात ओतू नका, त्यातून निघणारा वायू फुप्फुसांना त्रास देतो. डाग आधी भरपूर पाण्याने धुवायचा आणि मग एन्झाइमचं, म्हणजे मुतातले वासाचे घटक मोडणारं, क्लीनर लावून तसंच मुरू द्यायचं. लगेच पुसून टाकलं तर पैसे वाया जातात. हिरवळीवर कुत्रा मुतला तर तिथे ताबडतोब बादलीभर पाणी ओता. गवत जळतं ते मुतातल्या नायट्रोजनमुळे, आणि तो पातळ केला की गवत वाचतं.

मऊ, कोरडी, मोकळी माती

मांजराला तुमच्याशी वैर नसतं, त्याला खणायला सोपी जागा हवी असते. ताजा खणलेला वाफा त्याला हवा तसाच असतो. माझी सवय अशी: बी पेरलं की त्याच दिवशी इंचभर भोकांची तारेची जाळी मातीवर सपाट दाबून बसवते, कडा आत खोचते. रोपं भोकांतून वर येतात आणि मांजराला खणता येत नाही. जाळी नसेल तर काटक्या जवळजवळ रोवा आणि माती ओलसर ठेवा. हालचाल टिपून पाण्याचा फवारा मारणारं यंत्रही चांगलं चालतं. आवाजाच्या यंत्रांवर माझा विश्वास नाही. काही मांजरं पळतात, काही त्याच्याशेजारी झोपतात.

वाफ्यातली शी मात्र हातमोजे घालून रोज काढा. मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी येऊ शकतो. तो बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गजन्य होतो आणि मातीत वर्षभरही टिकू शकतो. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिला देऊ नका.

बाकीच्या चुका

दगड मारणं. जनावर वेळ बदलतं, जागा बदलत नाही.

स्वतःच्या पाळीव प्राण्याचं खाणं रात्रभर बाहेर ठेवणं आणि मग पाहुण्यांची तक्रार करणं.

मांजरांच्या किंवा कुत्र्यांच्या भांडणात हात घालणं. चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, त्यामुळे "एवढंसं तर आहे" असं म्हणू नका.

बेवारस मांजर पकडून लांब सोडून येणं. रिकाम्या जागी दुसरं मांजर येतं. मांजरीला चार-पाच महिन्यांची असतानाच गर्भ राहू शकतो आणि ती साधारण नऊ आठवड्यांत विते. त्यामुळे नसबंदी करून तिला तिच्या जागी परत सोडणं हाच टिकणारा उपाय आहे. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर बहुधा तिची नसबंदी झालेली असते.

तक्रार रागाच्या भरात, चारचौघांत करणं. एकट्याने जा, तारखा-वेळा लिहिलेला कागद आणि दोन फोटो न्या. "तुमचा कुत्रा त्रास देतो" यापेक्षा "मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सहाला तो या फटीतून आला" हे ऐकून घेतलं जातं, कारण त्यावर काहीतरी करता येतं. फट बुजवायचा निम्मा खर्च मी देते म्हटलं की बोलणी लवकर पुढे सरकतात. तोडगा निघाला नाही तरच पुढची पायरी, आणि पिंजरा लावण्याआधी आपल्या भागातला नियम विचारूनच.

दर दोन दिवसांनी उपाय बदलणं. एका उपायाला निदान तीन आठवडे द्या, जनावराची वाट मोडायला तेवढा वेळ लागतोच.

आणि घाईने बीळ किंवा माळ्याची फट बुजवणं. आत पिल्लं असली तर ती उपाशी मरतात आणि आई भिंत फोडायला बघते. बुजवण्याआधी तोंडाशी कागदाचा सैल बोळा ठेवा. दोन-तीन दिवस तो जसाच्या तसा राहिला आणि आतून काही आवाज आला नाही, तरच जाळी ठोका. बोळा हलला तर पिल्लं बाहेर पडून चालायला लागेपर्यंत ती फट तशीच राहू द्या.