ग्रुपने फिटनेस टार्गेट ठरवताय? आधी खाड्याचं ठरवा

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत परत एकदा चालायचा ग्रुप जमवायचं चाललंय म्हणून हे लिहून ठेवतोय, तुमच्याकडेही कुणाच्या डोक्यात हेच शिजत असेल तर सुरू करण्याआधी वाचा. गेल्या वेळचा आमचा ग्रुप गणपतीत बसला तो उठलाच नाही, आणि कारण पाऊस, ऑफिस, गुडघे यातलं काहीच नव्हतं, ते खाली येतंच.

शूज, बाटली, टोपी यावर काही लिहीत नाही. फक्त नवे शूज आल्याशिवाय सुरुवात नको म्हणून पंधरा दिवस घालवू नका.

माणसं आधी. पाच ते आठ बास. आणि सगळ्यांची वेळ न् जागा खरंच जुळते का ते बघा, एक कोथरूडचा, एक खराडीची, एक पार वाकडला असं असेल तर "रविवारी भेटू" एवढंच ठरतं आणि रविवारी भेटून मिसळ खाल्ली जाते. ज्यांची टेकडी एक त्यांचा ग्रुप एक. चाळिशी उलटलेले, बीपी-शुगरवाले, चढताना छातीत कधी दुखलंय असे, यांनी आधी डॉक्टरकडे जाऊन यायचं, यात "मला काही होत नाही हो" ऐकून घेऊ नका. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू असेल तर खिशात गोड काहीतरी पाहिजे आणि ग्रुपमधल्या निदान एकाला ते माहीत पाहिजे.

आता टार्गेट. ग्रुपचं मिळून एकच टार्गेट ठेवायचा मोह होतो, "आपण सगळे ५ किलो कमी करू" वगैरे. नका करू. बाळंतपणानंतर परत सुरुवात करणारी मुलगी, रात्री अकरापर्यंत अमेरिकेच्या कॉलवर असलेला आयटीवाला आणि रिटायर झालेले काका यांचं टार्गेट एक कसं असेल? प्रत्येकाने आपलं आपलं एका ओळीत लिहायचं, आणि असं लिहायचं की जे आपल्या हातात आहे. वजन किती उतरेल ते हातात नाही, आठवड्यात चार दिवस चाळीस मिनिटं चालणं हातात आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम असा आहे, शिवाय निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हा दुसरा भाग सगळे सोयीस्कर विसरतात. मध्यम म्हणजे बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम. दहा हजार पावलांसाठी रात्री साडेअकराला हॉलमध्ये येरझारा घालणारे लोक आहेत आमच्याकडे, त्यांना सांगा की तो आकडा साठच्या दशकातल्या जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आलाय. कमी पावलांचाही फायदा होतो.

ओळ लिहिली की ग्रुपसमोर वाचून दाखवायची. लाज वाटते, पण मनातल्या मनात ठेवलेलं टार्गेट मंगळवारपर्यंत आपोआप लहान होतं.

आणि आता मुख्य. खाडा. खाडा पडला तर काय करायचं हे पहिल्याच दिवशी ठरवा. आम्ही वेळ ठरवली, मार्ग ठरवला, टी-शर्टचा रंगसुद्धा ठरवला (त्यावरून दोन दिवस भांडलो), आणि हे ठरवलं नाही. झालं काय, की गणपतीत एकेकाचे चार-पाच दिवस बुडाले, मग आठवडा, आणि आता कुठल्या तोंडाने जायचं म्हणून लोक येईनात. आमच्यातले एक जण तर सकाळी आम्ही गेटवर उभे असायचो त्या वेळी लिफ्ट सोडून मागच्या जिन्याने खाली उतरायचे, दूध घेऊन तिकडूनच वर. पाच मजले! म्हणजे व्यायाम चालूच होता बिचाऱ्यांचा, फक्त आम्हाला चुकवून. खाडा पडल्याने ग्रुप मोडत नाही, परत यायची वाट ठरलेली नसली की मोडतो.

तर हे लिहूनच ठेवा. खाडा पडणार हे धरून चाला. प्रत्येकाची एक जोडी लावा, आणि जोडीदार सलग तीन दिवस दिसला नाही की दुसऱ्याने फोन करायचा. फोन, ग्रुपवर मेसेज नाही. ग्रुपवर "काय राव, सुटलं वाटतं?" टाकलं की तो माणूस गेलाच म्हणून समजा, वर चार जण हसण्याचे इमोजी टाकणार. फोनवर एवढंच म्हणायचं, "उद्या येताय का, अर्धाच राउंड मारू." कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की माणूस कारणं तयार करायला लागतो.

दंड लावू नका. कुणीतरी हमखास सुचवतं, खाड्याला ५० रुपये, त्यातून पार्टी. म्हणजे ५० रुपयांत सुट्टी विकत मिळते आणि मनाला टोचणीही नाही, वर पार्टीत भजी.

परत आल्यावर किती करायचं तेही आधीच. आठवड्याच्या आतला खाडा असेल तर जिथे सोडलं तिथून. दोन आठवड्यांच्या वर गेला की दम खरंच कमी झालेला असतो, तेव्हा पहिला आठवडा निम्म्याने, आणि याला "मागे पडलो" म्हणायचं नाही, तो नियमच आहे. तापातून उठलेल्याला घाई करायला लावू नका. पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू-चिकुनगुन्या असतोच, चिकुनगुन्याचं सांधे दुखणं तर ताप गेल्यावर कितीतरी आठवडे पुरतं, अशा माणसाला टेकडीवर ओढून नेऊन काय मिळवणार?

कॅलेंडर घेऊन बसा आणि खाड्याचे आठवडे आत्ताच रंगवा. पालखीचे दिवस, गणपती, नवरात्र, दिवाळी, मार्च एंड, मुलांच्या परीक्षा, घरचं लग्न. त्या आठवड्यांचं टार्गेट वेगळं आणि लाज वाटेल इतकं लहान ठेवा, दोन दिवस दहा-दहा मिनिटं. तेवढं केलं तर खाडा नाही. कसबा गणपतीपासून केसरीवाड्यापर्यंत मानाचे पाचही पायी फिरून बघितलेत तर तेही धरा, गर्दीत वेग नसतो पण रिक्षापेक्षा बरं. हे सगळं वाचून "हो हो, बघू तेव्हा" असं म्हणणारा एक जण निघेलच, त्याच्याकडूनच खाड्याचे नियम लिहून घ्या.

बाकीचं पटापट. पहिल्या आठवड्यातच नोंद करून ठेवा. सकाळी उठल्या उठल्या नाडी, कंबरेचा घेर, आणि एक ठरलेली चढण किती मिनिटांत होते ते. घेर दरवेळी एकाच जागी मोजा, आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेलं की सावध व्हायचं असतं. चढण म्हणून पर्वतीच्या पायऱ्या झकास, शंभरएक आहेत, वर पोचल्यावर वाक्य पूर्ण बोलता येतंय का बघायचं. वजनकाट्याचे फोटो ग्रुपवर नकोत. गुड मॉर्निंगही नको. गेलात तर एक बरोबरची खूण टाका, विषय संपला.

पावसाळ्याचा प्लॅन बी पाहिजेच. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, कुठेही जा, लाल चिखलावरून पाय सटकतो आणि मग प्लास्टरचा खाडा सहा आठवड्यांचा. पावसात पार्किंगमध्ये चाला, जिने चढा (उतरताना लिफ्ट घ्या, गुडघे वाचतात), सूर्यनमस्कार, बैठका. ताकदीचे दोन दिवस इथेच बसवून टाका.

वाढवताना हावरटपणा नको, आठवड्याला दहा टक्के हा ढोबळ हिशोब. नडगी दुखायला लागली की दोन दिवस थांबा, आणि हो, तेव्हाही जोडीदाराने फोन करायचा. दुखापतीचा खाडा हाही खाडाच.

खाण्यावर मी बोलत नाही, टेकडी उतरल्यावरच्या पोह्यांवरून मैत्र्या तुटतात.

तीन महिन्यांनी सगळ्यांनी मिळून सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने. उजाडायच्या आत सुरू करा, शनिवार-रविवारी तुफान गर्दी असते. सगळ्यात हळू चालणारा पुढे. पिठलं-भाकरी खा, पण ताकावर ताक पिऊन लगेच उतरू नका. त्याच दिवशी नवी ओळ लिहून घ्या, घरी गेल्यावर कुणी लिहीत नाही, आणि लगेच पुढचा आठवडा मोठ्या ट्रेकनंतरचा खाड्याचा आठवडा म्हणून रंगवा, कारण सोमवारी पाय कुणाचेच वळत नाहीत.

कुणाला रेसमध्ये पळायचं असेल तर नोंदणीची तारीख आधी बघा, शेवटच्या आठवड्यात जागा संपलेल्या असू शकतात, आणि बिब नंबर (छातीवर लावायचा नंबराचा कागद) बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशीच जाऊन घ्यावा लागतो, सकाळी स्टार्ट लाइनवर मिळेल अशा भरवशावर राहू नका.