मोठ्या काळ्या अस्वलाच्या शिकारीसाठी प्रदेश कसा निवडावा

काळ्या अस्वलाच्या शिकारीला निघणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘मोठे अस्वल हवे’ असे सांगतो, पण मोठे म्हणजे नेमके काय, हे विचारल्यावर बहुतेकांचे उत्तर अडखळते. उत्तर अमेरिकेतील शिकाऱ्यांमध्ये या प्रश्नाची तीन उत्तरे रूढ आहेत: कोणी वजन पाहतो, कोणी कवटी मोजतो, तर कोणाला कातड्याची लांबीरुंदी महत्त्वाची वाटते. प्रदेश निवडण्यापूर्वी यांपैकी आपल्याला काय हवे आहे हे ठरवले नाही, तर पुढची सगळी निवड चुकते, कारण तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळत नाहीत.

विक्रमांच्या नोंदी कवटीवर होतात. शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील बून अँड क्रॉकेट क्लबच्या पद्धतीत खालचा जबडा बाजूला ठेवून, कवटी ६० दिवस वाळवून, तिची लांबी आणि रुंदी मोजतात व दोन्हींची बेरीज करतात. ही बेरीज २१ इंच भरली की अस्वल क्लबच्या कायमच्या नोंदवहीत जाते. धनुष्यबाणाने केलेल्या शिकारीची नोंद ठेवणाऱ्या पोप अँड यंग क्लबची किमान मर्यादा १८ इंच आहे. कातड्याचे माप याहून सोपे असते. नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी आणि पुढच्या दोन पंजांच्या टोकांमधील अंतर यांची सरासरी काढतात, आणि ‘सात फुटी अस्वल’ म्हणतात ते या सरासरीला. वजनाचा आकडा मात्र सर्वांत फसवा असतो. शरद ऋतूत खाऊन माजलेले अस्वल वसंतात बिळातून बाहेर येते तेव्हा त्याने आपल्या वजनाचा मोठा हिस्सा, कधी कधी तिसरा भागसुद्धा, गमावलेला असतो. त्याची कवटी मात्र तेवढीच राहते. त्यामुळे वजनाचा विक्रम हवा असेल तर वसंतातील शिकारीचा विचारच करू नये, आणि कवटी हवी असेल तर हंगामाची फारशी चिंता करू नये.

अस्वल मोठे होण्यामागे दोनच मुख्य कारणे असतात: खाद्य आणि वय. खाद्याची चर्चा सगळे करतात, वयाची फार थोडे. नराची कवटी सात-आठ वर्षांचा होईपर्यंत भरत राहते, पण आईपासून सुटून नवा मुलूख शोधत भटकणारे दोन-तीन वर्षांचे नर शिकाऱ्याच्या हाती सर्वांत आधी लागतात. ज्या प्रदेशात असे तरुण नर दरवर्षी मोठ्या संख्येने मारले जातात, तिथे खाद्य कितीही मुबलक असले तरी म्हातारे नर उरत नाहीत. बून अँड क्रॉकेटच्या नोंदीतील सर्वांत मोठी कवटी साडेतेवीस इंचांहून थोडी अधिक आहे. ती १९७५ साली युटा राज्यातील सॅनपीट काऊंटीत (म्हणजे जिल्ह्यात) सापडली, आणि ते अस्वल कोणी मारलेले नव्हते, मेलेल्या जनावराची कवटी उचलून आणलेली होती. विक्रमी अस्वल शिकाऱ्यांना चुकवत म्हातारे झाले, ही गोष्ट प्रदेश निवडताना मला नेहमी आठवते. म्हणून ‘तिथे अस्वले किती आहेत’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘तिथे नर म्हातारे होऊ शकतात का’ हा प्रश्न विचारावा.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी घरबसल्या उपलब्ध असलेले उत्तम साधन म्हणजे राज्याच्या किंवा प्रांताच्या वन्यजीव विभागाचा शिकार अहवाल. अनेक राज्यांत मारलेल्या अस्वलाचा एक लहान दात जमा करावा लागतो. त्या दाताचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या वर्तुळांसारखे थर मोजले की वय समजते. अहवालात नरांचे वय किती निघते ते पाहावे, आणि त्यासोबत नर-मादी प्रमाणही पाहावे. नर जास्त फिरतात, म्हणून शिकारीचा ताण कमी असलेल्या भागात मारलेल्या अस्वलांमध्ये प्रौढ नरांचा वाटा मोठा असतो. ताण वाढत गेला की आधी नर संपतात आणि माद्यांचा वाटा वर्षागणिक वाढू लागतो. एका वर्षाचा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये, कारण ओकची फळे न धरलेल्या वर्षी भुकेली अस्वले शिकाऱ्यांनी ठेवलेल्या आमिषावर आणि शेतांवर तुटून पडतात आणि त्या वर्षीची शिकार एकाएकी फुगते. निदान पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. एकूण शिकारीचा मोठा आकडा पाहून हुरळून जाणे ही नवख्यांची नेहमीची चूक असते. अमेरिकेतील मेन या राज्याचे उदाहरण घ्यावे. तिथे अस्वले भरपूर आहेत, आमिष आणि कुत्रे या दोन्हींना परवानगी आहे, आणि पहिले अस्वल मिळवण्यासाठी ते राज्य उत्तम आहे. परंतु विशेष मोठे अस्वल हेच उद्दिष्ट असेल तर मी माझा हंगाम तिथे घालवणार नाही.

वजन हवे असेल तर नॉर्थ कॅरोलायनाच्या किनारी सखल प्रदेशाला तोड नाही. अल्बेमार्ल आणि पॅम्लिको या खाड्यांच्या मधल्या द्वीपकल्पात, हाइड, टिरेल, ब्यूफर्ट या काऊंट्यांत, मका, सोयाबीन, गहू आणि भुईमुगाची विस्तीर्ण शेते थेट दलदलीच्या दाट झुडपांना भिडतात. हिवाळा सौम्य असल्याने तिथले अनेक नर नीटशी शीतनिद्रा घेतच नाहीत आणि जवळजवळ वर्षभर खात राहतात. १९९८ साली क्रेव्हन काऊंटीत मारलेले अस्वल ८८० पौंडांचे, म्हणजे सुमारे ४०० किलोंचे होते. इथली अडचण जमिनीची आहे. चांगली शेते खासगी असून त्यांवरचे शिकारीचे हक्क क्लबांनी किंवा गाइडांनी भाड्याने घेतलेले असतात, म्हणून या भागाचा विचार करताना परवान्यापेक्षा प्रवेशाचा खर्च आधी विचारावा.

पेनसिल्वेनिया हे वजनाच्या दृष्टीने दुसरे नाव. तिथे आमिषालाही बंदी आहे आणि कुत्र्यांनाही, तरीही ६०० पौंडांपुढची अस्वले जवळजवळ दरवर्षी नोंदवली जातात. ओकच्या डोंगररांगा, त्यांमधली शेती आणि दाट झाडोऱ्यात मुरलेले सावध नर हे त्याचे कारण आहे. शिकार बहुधा गटाने, हाका करून होते, म्हणून स्थानिक गटात ओळख नसलेल्या एकट्या माणसाला ती अवघड जाते. तिथल्या आकड्यांबद्दल एक सूचना करावीशी वाटते. पोट साफ केल्यावर अस्वलाचे वजन साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाने घटते, आणि जिवंतपणीचे वजन अनेकदा त्यावरून अंदाजाने काढलेले असते. दोन राज्यांच्या वजनांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच प्रकारचे आहेत ना, हे तपासावे.

कवटीसाठी विस्कॉन्सिनचे नाव अग्रभागी येते. जंगल, शेती आणि दलदल यांचे मिश्रण, आमिषाची परवानगी आणि परवान्यांवर काटेकोर मर्यादा यांमुळे तिथले नर वयात येतात. पण दरवर्षी एक लाखाहून अधिक अर्ज येतात आणि सोडत प्राधान्यगुणांवर, म्हणजे दरवर्षी अर्ज करून साठत जाणाऱ्या गुणांवर, होते, त्यामुळे उत्तरेकडील झोनसाठी अनेक वर्षे थांबावे लागते. ज्याला विस्कॉन्सिनला कधीतरी जायचे आहे त्याने गुण साठवायला आजच सुरुवात करावी आणि मधल्या वर्षांत दुसरीकडे शिकार करावी. दक्षिणेच्या झोन सी मध्ये प्रतीक्षा बरीच कमी असते. तिथे अस्वले विरळ आहेत, पण मक्याच्या शेतांमुळे चांगली पोसलेली असतात.

कॅनडातील सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या प्रांतांत माझ्या मते परदेशी शिकाऱ्याला पैशाचा सर्वांत चांगला मोबदला मिळतो. शेतीचा पट्टा जिथे उत्तरेच्या जंगलाला मिळतो, तिथली अस्वले ओट्स आणि इतर पिकांवर पोसतात, आणि अंतर्भागातील अनेक भागांत वर्षातून मोजकेच शिकारी येतात. वसंतात आमिषावर बसून अनेक अस्वले पाहता येतात आणि निवड करायला वेळ मिळतो. तपकिरी, दालचिनी किंवा पिवळसर रंगाची अस्वलेही इथे बरीच दिसतात. मॅनिटोबातील रायडिंग माउंटन राष्ट्रीय उद्यानाभोवतीचा परिसर तर ‘नर म्हातारे कुठे होतात’ या प्रश्नाचे उत्तमच उत्तर आहे. उद्यानात शिकारीला बंदी असल्याने नर तिथे वाढतात आणि भूक व माद्यांच्या शोधात सीमेबाहेरच्या शेतांकडे येतात. कोणत्याही प्रदेशाचा नकाशा पाहताना असे संरक्षित क्षेत्र, मोठी दलदल किंवा रस्ते नसलेला डोंगराळ पट्टा आधी शोधावा आणि मग त्याच्या कडेला शेती किंवा फळांची झाडे कुठे आहेत ते पाहावे. या प्रांतांत परदेशी पाहुण्याला आउटफिटरमार्फतच, म्हणजे शिकारीची व्यवस्था पुरवणाऱ्या व्यावसायिकामार्फतच, शिकार करावी लागते, हे खर्चाच्या हिशेबात धरावे.

पॅसिफिक किनाऱ्याची गोष्ट अगदी निराळी आहे. अलास्काच्या आग्नेय भागातील प्रिन्स ऑफ वेल्स आणि कुइउ या बेटांवर, तसेच ब्रिटिश कोलंबियातील व्हँकुव्हर बेटावर, मोठ्या कवटीची अस्वले मिळतात. सामन मासे आणि सौम्य हवामान हे एक कारण आहे. अलास्कातील या दोन बेटांवर तपकिरी अस्वले नाहीत, म्हणजे खाद्याला वाटेकरी नाहीत, हे दुसरे. शेजारच्याच ॲडमिरल्टी, बॅरानॉफ आणि चिचागॉफ बेटांवर मात्र फक्त तपकिरी अस्वले आहेत, काळे एकही नाही. नकाशा नीट न पाहता बेत आखणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे. इथे मे महिन्यात भरतीच्या पातळीवरच्या गवताळ कुरणांवर किंवा जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यांच्या कडेला चरणारी अस्वले दुर्बिणीने हेरून पायी गाठतात. जून जवळ आला की कातडे झाडांवर घासून जागोजागी विरळ होते, म्हणून कातडे हवे असेल तर लवकर जावे. अलास्कात परराज्यातील अमेरिकी नागरिकाला काळ्या अस्वलासाठी गाइड सक्तीचा नाही, मात्र आग्नेय भागात गाइडशिवाय जाणाऱ्या अशा शिकाऱ्याला सोडतीतून परवाना घ्यावा लागतो. अमेरिकेचा रहिवासी नसलेल्या परदेशी नागरिकाला गाइड घ्यावाच लागतो. ब्रिटिश कोलंबियात आमिषाला बंदी आहे.

कोरड्या पश्चिमेकडील राज्यांचा उल्लेख थोडक्यात पुरे. ॲरिझोनात निवडुंगाची फळे पिकतात तेव्हा आणि कोलोरॅडोत गॅम्बेल जातीच्या ओकला फळे धरतात तेव्हा चांगले नर उघड्यावर येतात. पण हे सर्व त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून असते, आणि दूरवरून हेरण्याचा सराव नसेल तर हात हलवत परत यावे लागते.

पद्धतीचे नियम हा प्रदेशनिवडीचाच भाग समजावा. कोलोरॅडोने १९९२ साली, ओरेगॉनने १९९४ साली आणि वॉशिंग्टनने १९९६ साली जनमताने आमिष आणि कुत्रे बंद केले. ज्याला आमिषावर शांत बसून निवड करायची आहे त्याच्यासाठी ही राज्ये यादीतून आपोआप गळतात. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची अधिकृत नियमपुस्तिका वाचल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये. शिकार परदेशात होणार असेल तर कातडे आणि कवटी सीमेपलीकडे नेण्याची कागदपत्रे आधी विचारून घ्यावीत, कारण काळे अस्वल वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे.

आउटफिटर निवडताना छायाचित्रांवर विसंबू नये. मीही एकदा अशाच एका छायाचित्राला भुललो होतो. प्रत्यक्ष गेल्यावर समजले की शिकारी अस्वलाच्या मागे चांगला सहा फूट अंतरावर बसलेला होता आणि कॅमेरा जमिनीलगत होता, त्यामुळे दीडशे पौंडांचे जनावर दुप्पट दिसत होते. मारलेल्या अस्वलांची संख्या विचारण्याऐवजी गेल्या तीन वर्षांत किती शिकाऱ्यांनी अस्वल दिसूनही सोडून दिले, किती कवट्या १९ इंचांपुढे गेल्या, एका आमिषाच्या जागेला किती वर्षे विश्रांती दिली जाते आणि लहान नर मारू नका असे तो पाहुण्यांना सांगतो का, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला जो गोंधळतो त्याच्या क्षेत्रात म्हातारे नर शिल्लक असण्याची शक्यता कमी असते.

प्रदेश ठरला की अखेरची निवड पायीच करावी लागते. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत पुढच्या पंजाचा ठसा सापडला तर खाली बसून तळव्याच्या गादीची रुंदी मोजावी. बोटे आणि नखे धरू नयेत. जितके इंच भरतील त्यात एक मिळवला की कातड्याचे माप फुटांत अंदाजाने मिळते: पाच इंचांची गादी म्हणजे सहा फुटी अस्वल. चिखल फार पातळ असेल तर ठसा पसरतो, म्हणून काठ स्पष्ट असलेला ठसाच घ्यावा आणि दोन-तीन ठसे मोजावेत. जवळच्या झाडावर नखांचे ओरखडे किंवा चावा माणसाच्या डोक्यापेक्षा बराच वर दिसला, सालीत केस अडकलेले असले आणि वाटेवर जुन्या पावलांचे खोल वाटोळे खड्डे एकाच जागी पुन्हा पुन्हा पडलेले असले, तर तो नर तिथे अनेक वर्षे फिरतो आहे असे समजावे. सहा इंचांची गादी एकदाच दिसली आणि बाकी सगळे ठसे चार इंचांच्या आतले असले, तरी मी ती जागा सोडत नाही. उलट सगळीकडे चार-साडेचार इंचांचेच ठसे भरपूर असतील, तर सामान गाडीत टाकून पुढच्या खोऱ्याकडे निघतो.